रजेने भरून न निघणारी झीज

लैंगिक अत्याचार झालेल्या एका मुलाची हकीगत किती जणांच्या कानांवरून जाते, याचा हिशेब कोणी मांडत नाही. पोक्सो कायद्यानुसार मुलाची जबानी शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता, मुलाच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा जागी घ्यायची असते. मग रुग्णालयात तपासणी, मग दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब, शेवटी न्यायालयात साक्ष. मुलाला सोबत म्हणून नेमलेली सपोर्ट पर्सन या चारही ठिकाणी हजर असते आणि तीच हकीगत चार वेळा ऐकते. गोव्यात या साखळीत बऱ्याचदा आणखी एक माणूस असतो, तो म्हणजे दुभाषी. मूल कन्नड किंवा लमाणी बोलते, विचारणारे कोंकणी, मराठी किंवा हिंदी, आणि कागद तयार होतो इंग्रजीत. भाषांतर नीट व्हायचे तर ते प्रथमपुरुषातच करावे लागते. ‘मला त्याने खोलीत नेले’ हे वाक्य दुभाष्याच्या स्वतःच्या तोंडून निघते. जबानी संपते, भत्त्याच्या कागदावर सही होते आणि तो माणूस पणजीच्या बसस्थानकावर जाऊन घरची बस पकडतो. पुढे त्याला कोणीही फोन करत नाही.

या लेखात एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. नर्स, निवासी डॉक्टर, १०८ चे कर्मचारी, अग्निशामक दलाचे जवान, किनाऱ्यावरचे जीवरक्षक, समुपदेशक, बालगृहातल्या काळजीवाहू बाया, शवागारातले कामगार यांना जे होते ती कामावर झालेली इजा आहे. ती टाळण्याची आणि भरून काढण्याची जबाबदारी काम देणाऱ्याची आहे, मग ते सरकार असो, कंत्राटदार असो वा स्वयंसेवी संस्था. आज ही जबाबदारी जवळपास सगळी कर्मचाऱ्याच्या अंगावर टाकलेली आहे.

आधी दोन इजा वेगळ्या कराव्या लागतील, कारण त्यांची गल्लत झाली की उपाय चुकतो. पहिली बर्नआउट. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात काम करणाऱ्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये तिच्यावर लिहिले. पुढे ख्रिस्तिना मास्लाक यांनी तिचे तीन भाग पाडले: भावनिक थकवा, समोरच्या माणसाविषयी आलेला कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात तिची नोंद रोग म्हणून केली नाही. कामाच्या ठिकाणचा जो दीर्घकाळचा ताण नीट हाताळला गेला नाही, त्यातून उद्भवणारी अवस्था अशी ती नोंद आहे. म्हणजे कारण कामाच्या जागी आहे हे तिथेच मान्य झाले. बर्नआउट हळूहळू, महिनोन्‌महिने चढते. रात्रपाळ्या, अपुरी माणसे, वरून येणारे उलटसुलट आदेश आणि आपल्या शब्दाला नसलेली किंमत हे तिचे खाद्य. नातेवाईक तिसऱ्यांदा तोच प्रश्न घेऊन आले की मान वर न करता उत्तर दिले जाते, तिथे ती ओळखू येते.

दुसरी इजा दुय्यम आघाताची, जिला व्हायकेरियस ट्रॉमा म्हणतात. मॅक्कॅन आणि पर्लमन यांनी १९९० मध्ये तिची मांडणी केली. दुसऱ्यावर गुदरलेले पुन्हा पुन्हा ऐकून किंवा पाहून ऐकणाऱ्याची जगाविषयीची समजूतच बदलते. सुरक्षितता, विश्वास, माणसांची किंमत, जवळीक आणि आपल्या आयुष्यावरचा आपला ताबा, या पाच जागी तडा जातो. अशा माणसाचे काम कदाचित वेळच्या वेळी चाललेले असते. फाइल पूर्ण असते, अहवाल नीट असतो. पण स्वतःच्या मुलीला शेजारच्या काकांबरोबर शिकवणीला पाठवणे त्याने बंद केलेले असते. जत्रेच्या गर्दीत शिरताना तो आधी बाहेर पडायच्या वाटा मोजतो. नवऱ्याचा किंवा बायकोचा हात खांद्यावर पडला तरी दचकतो. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत तर स्पष्टच लिहिले आहे की मानवी अवशेष गोळा करणारे मदतकर्मी आणि बालअत्याचाराचे तपशील वारंवार हाताळणारे पोलीस यांना त्या कामातून पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा मानसिक ताणविकार, होऊ शकतो.

पंधरा दिवसांच्या रजेने बर्नआउट थोडे उतरते. दुय्यम आघात रजेने उतरत नाही, रिकाम्या वेळात तो जास्त वर येतो. उलट, कितीही उत्तम समुपदेशक नेमला तरी आठवड्याला सत्तर तासांची ड्युटी सत्तरच राहते. पहिल्याला माणसे आणि वेळापत्रक लागते. दुसऱ्याला आघाताचा डोस कमी करणे आणि ऐकणाऱ्याला ऐकणारे कोणीतरी देणे लागते.

गोव्याला हा विचार परका नाही. खाणपट्ट्यात धूळ ही कामावरची इजा आहे हे मान्य झाले, तेव्हा रस्त्यावर टँकरने पाणी मारणे, ट्रकवर ताडपत्री बांधणे आणि मजुराची ठराविक मुदतीने छाती तपासणे ही खाणचालकाची कामे ठरली. ती नेहमी नीट झाली असे नाही, पण ती कोणाची आहेत याबद्दल वाद उरला नाही. रुग्णालयात, पोलीस ठाण्यात आणि बालगृहात तेवढेसुद्धा ठरलेले नाही. तिथे वर्षातून एकदा योगाचे किंवा ‘ताणमुक्ती’चे शिबिर होते, फोटो निघतात आणि विषय संपतो. ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासून विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये दाखवले की अशा वैयक्तिक उपक्रमांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मानसिक स्वास्थ्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. श्वसनाचे व्यायाम वाईट आहेत असे कोणी म्हणत नाही. संस्थेने फक्त तेवढ्यावर थांबणे वाईट आहे.

आता वेळापत्रकाचा हिशेब, कारण बर्नआउटवरचे भाषण इथे येऊन अडते. चोवीस तास चालणारी एक जागा, म्हणजे रुग्णवाहिकेवरचा एक ईएमटी (तातडीचे उपचार करणारा कर्मचारी) किंवा बालगृहातली एक काळजीवाहू, आठवड्याला १६८ तास मागते. ४८ तासांचा आठवडा धरला तर साडेतीन माणसे लागतात. साप्ताहिक सुट्टी त्यात आली. पण वर्षाच्या ३१३ कामाच्या दिवसांतून अर्जित रजा ३०, नैमित्तिक ८, आजारपणाचे १० आणि प्रशिक्षणाचे ५ असे ५३ दिवस वजा केले की तीच जागा चालवायला सव्वाचार माणसे लागतात. तीन पाळ्यांना तीन माणसे नेमली की प्रत्येकाचा आठवडा ५६ तासांचा होतो, साप्ताहिक सुट्टीसुद्धा उरत नाही, आणि एकाने रजा घेतली की दुसऱ्याला जोडपाळी करावी लागते. रजा न मागण्याचा अलिखित नियम इथे जन्माला येतो. साहेब कडक असो वा प्रेमळ, हा आकडा बदलत नाही.

निवासी डॉक्टरांबाबत तर कागद जुनाच आहे. केंद्राच्या १९९२ च्या निवासी योजनेत सलग ड्युटी बारा तासांहून अधिक नसावी आणि आठवडा ४८ तासांचा असावा असे म्हटले होते. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने ७४ तासांची कमाल मर्यादा सुचवली: एक २४ तासांची ड्युटी, दहा तासांचे पाच दिवस आणि एक सुट्टी. बत्तीस वर्षांत अपेक्षा सव्वीस तासांनी वाढली. तरीही हे ७४ तास पाळले जातात का, हे विचारण्यासाठी प्रत्येक विभागाने ड्युटीची खरी नोंद दर महिन्याला लावायला हवी. मंजूर झालेले वेळापत्रक भिंतीवर लावून खरी परिस्थिती कळत नाही.

दुसऱ्या इजेकडे जवळून पाहायचे तर १०८ ची गाडी घ्या. ही सेवा गोव्यात २००८ पासून आहे. गाडीत दोघे असतात, ईएमटी आणि चालक, ज्याला पायलट म्हणतात. महामार्गावर दुचाकीचा अपघात होतो, विशीतला मुलगा असतो, छाती दाबत दाबत त्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात आणले जाते आणि दारातच डॉक्टर मृत घोषित करतात. पुढची वीस-पंचवीस मिनिटे अशी जातात: केसपेपरवर सही, स्ट्रेचर धुणे, गाडीची जमीन जंतुनाशकाने पुसणे, हातमोजे आणि पट्ट्या पुन्हा भरणे, ऑक्सिजनचा काटा पाहणे. मग कंट्रोल रूमला ‘गाडी तयार’ कळवणे, आणि पुढचा कॉल. जमिनीवरचे रक्त पुसण्याचे काम ज्याने छाती दाबली त्यालाच करावे लागते. ही एक गोष्ट आजही बदलता येईल: रुग्णालयाच्या दारात गाडी धुणारा वेगळा माणूस.

आणि एक यादी ठरवता येईल. बालकाचा मृत्यू, नातेवाइकांसमोर थांबवावे लागलेले सीपीआर (छाती दाबून हृदय चालू करण्याचा प्रयत्न), मृत व्यक्ती ओळखीची निघणे, सहकाऱ्याला गंभीर इजा, एकाच वेळी अनेक मृत्यू. या पाचांपैकी काही घडले की गाडी आपोआप अर्धा तास रस्त्याबाहेर. कर्मचाऱ्याने मागण्याची गरज नको, कारण मागणारा कमकुवत ठरतो आणि म्हणून कोणी मागत नाही. कंट्रोल रूममधून दोघांशी नाव घेऊन बोलणे व्हावे. त्या रात्री स्वतः दुचाकी चालवत घरी जाणे टाळावे, लगेच पुढची पाळी रात्रीची नको. तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिन्याने एकेक फोन. महिन्याचे कारण असे की पीटीएसडीचे निदान एक महिना उलटल्याशिवाय करत नाहीत. तोवर झोप उडणे, प्रसंग डोळ्यांसमोर येणे हे बहुतेकांना होते आणि बहुतेकांचे ओसरतेही. ज्यांचे ओसरत नाही त्यांना आघातकेंद्रित उपचारांपर्यंत पोचवणे हे त्या तिसऱ्या फोनचे काम.

इथे एक चूक सगळीकडे होते आणि ती सदिच्छेपोटी होते. मोठी दुर्घटना झाली की दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना एका खोलीत बसवून ‘मन मोकळे करा’ म्हणायचे. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २००२ च्या आढाव्यानुसार एका बैठकीतल्या अशा डीब्रीफिंगने पीटीएसडी टळत नाही, काहींना तर त्रास वाढू शकतो. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१८ च्या मार्गदर्शिकेत ते देऊ नये असेच म्हटले आहे. पहिल्या दिवशी माणसाला जेवण, अंघोळ, घरी सोडणारी गाडी, घरच्यांना फोन आणि पुढे काय होणार याची खरी माहिती लागते. बोलायचे त्याने बोलावे, गप्प राहायचे त्याने गप्प राहावे.

२०२५ मध्ये अशी मोठी दुर्घटना गोव्याने दोनदा अनुभवली. ३ मे रोजी शिरगावला श्री लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. डिसेंबरमध्ये हडफड्याच्या नाइट क्लबला आग लागून २५ जणांचे जीव गेले. परवाने, जबाबदारी, अटक यांवर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. ज्यांनी धुरातून माणसे काढली आणि ज्यांनी शवागारात एकामागून एक कुटुंब आत नेले, त्यांची विचारपूस किती महिने चालली हेही त्याच चर्चेत विचारले गेले पाहिजे. ओळख पटवण्याच्या कामात नातेवाइकाला एकच चेहरा पाहावा लागतो. चेहरा पुसून ठेवणारा, चादर गळ्यापर्यंतच राहील याची काळजी घेणारा आणि आतल्या माणसाला कोसळताना धरणारा कामगार सगळे चेहरे आणि सगळी कुटुंबे पाहतो. अशा दिवशी तासाला माणूस बदलावा, ओळख पटवणे आणि शवविच्छेदनात मदत करणे ही दोन कामे एकाच माणसाकडे नसावीत.

डोस कमी करण्याचे बाकीचे मार्ग साधे आणि बिनखर्चाचे आहेत. पुराव्यातले फोटो आधी लहान आकारात, कृष्णधवल करून पाहावेत. व्हिडिओ आधी आवाज बंद ठेवून पाहावा, कारण आवाज जास्त काळ मागे लागतो. फाइलच्या नावातच आत काय आहे ते लिहावे, म्हणजे कारकुनाच्या हाताने ती चुकून उघडत नाही. पाळीच्या शेवटच्या तासात असे काम नको. समुपदेशकाकडे सलग दोन अत्याचाराच्या केसेस लावू नयेत, मध्ये वेगळ्या प्रकारची एक ठेवावी. आणि अपघाताचे, मृतदेहांचे फोटो कामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणे आदेश काढून थांबवावे. ज्याचा त्या केसशी संबंध नाही त्यालाही ते रात्री जेवताना पाहावे लागतात.

गोव्याच्या लहानपणाचा इथे मोठा वाटा आहे. २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख लोकसंख्या, ३,७०२ चौरस किलोमीटर क्षेत्र, आणि पहिल्याच भेटीत ‘तुम्ही कोणाचे?’ विचारणारे आपण लोक. रुग्णवाहिका ज्या वाड्यावर जाते तो बऱ्याचदा कर्मचाऱ्याच्या मावशीचा वाडा असतो. बालगृहातल्या मुलीचा आरोपी काळजीवाहू बाईच्या गावचा असू शकतो. त्याहून अवघड म्हणजे मदत करणाऱ्याला मदत घ्यायची तर जायचे कुठे? बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत गाडी लावलेली कोणी पाहिली की संध्याकाळपर्यंत गावात कळते, आणि आत बसलेला डॉक्टर किंवा समुपदेशक कालपर्यंत याच माणसाला केसेस पाठवत असतो. म्हणून कर्मचाऱ्यांसाठी राज्याबाहेरच्या तज्ज्ञांशी फोनवर जोडणी हवी. सिंधुदुर्ग, कोल्हापूर, बेळगावशी अदलाबदलीची व्यवस्था करता येईल. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून आहे, पण तो पहिल्या हाकेपुरता. नियमित आधार त्याने मिळत नाही.

नियमित आधाराचा नमुना मात्र गोव्यातच तयार झालेला आहे, आणि त्याकडे झालेले दुर्लक्ष मला सर्वांत जास्त खटकते. १९९६ मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगत’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्य आणि दारूच्या त्रासावर समुपदेशन देण्यासाठी मानसोपचाराची पदवी नसलेली, याच भागातली माणसे प्रशिक्षित केली. तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले आणि जगभर वापरले गेले. हे समुपदेशक गट करून नियमित बसत, एकमेकांच्या सत्रांचे ध्वनिमुद्रण ऐकत, ठरलेल्या मोजपट्टीवर गुण देत आणि त्यावर बोलत. त्यांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळतात का हेही तपासले गेले. दर्जा राखण्यासाठी केलेली ही योजना एकट्याने ऐकण्याचा भारही वाटून घेते. सहा जणांचा गट आठवड्याला दीड तास बसला तर सहा जणांच्या २८८ तासांतले ९ तास जातात, म्हणजे जेमतेम तीन टक्के. पोलीस ठाण्यातले समुपदेशक, सपोर्ट पर्सन, बालगृहाचे कर्मचारी, दुभाषी यांच्यासाठी असे गट तालुकावार उभे करायला नवी इमारत लागत नाही.

एक अट मात्र कटाक्षाने पाळावी लागेल. जो गोपनीय अहवाल लिहितो, तो त्या गटात बसणार नाही. देखरेख करणारा आणि आधार देणारा एकच असला की माणसे छान छान बोलतात आणि सहा महिन्यांनी राजीनामा देतात. मोजमापाचेही तसेच. प्रोक्यूओएल नावाची तीस प्रश्नांची प्रश्नावली विनामूल्य मिळते. गेल्या तीस दिवसांवर बेतलेली, समाधान, बर्नआउट आणि दुय्यम आघात यांचे दहा-दहा प्रश्न. प्रत्येक भागात २२ पर्यंत कमी, २३ ते ४१ मध्यम, ४२ पासून जास्त. ती नाव लिहून साहेबाकडे द्यायला लावली तर उत्तरे खोटी येणार. निनावी भरून, किमान दहा जणांच्या गटाची बेरीज तेवढी वर जावी. गुण जास्त आलेल्या विभागाला शिबिर देऊ नये, माणूस द्यावा.

पुरुष कर्मचाऱ्यांत ही इजा अनेकदा दारूमागे लपते. पाळी सुटल्यावर चौघांनी बारमध्ये बसणे हेच कित्येक ठिकाणी एकमेव डीब्रीफिंग आहे, आणि गोव्यात ते स्वस्तही पडते. दारूने झोप लागते पण तुटक लागते, आणि आठवण पचायची राहून जाते. ‘संगत’ने तपासलेली दारूवरची उपचारपद्धती एक ते चार बैठकांची होती. ऑडिट ही दारूच्या सवयीची दहा प्रश्नांची चाचणी आणि त्या बैठका वार्षिक वैद्यकीय तपासणीत शिक्षेची भीती न घालता आणता येतील.

‘ही सेवा आहे, झेपत नसेल त्याने येऊ नये’ असे म्हणणारे भेटतात, त्यांत स्वतः तीस वर्षे सेवा केलेलेही असतात. त्यांच्या निष्ठेबद्दल आदर ठेवून सांगायला हवे की दुय्यम आघात आधी त्यालाच गाठतो जो मनापासून ऐकतो. कोरडी माणसे उरावीत अशी व्यवस्था आपल्याला हवी आहे का? दुसरा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे: प्रत्येक थकव्याला आजार म्हणू लागलो तर काम कोण करणार? हे खरे आहे, आणि म्हणूनच इजेची जागा कामाच्या रचनेत शोधायची. माणसाच्या कपाळावर चिठ्ठी लावायची नाही. शिवाय हे काम देतेही पुष्कळ. बरे होऊन शाळेत परतलेले मूल पाहणे समुपदेशकाला बळ देते, यावरही अभ्यास झालेला आहे. पण केस दुसरीकडे गेली की पुढे काय झाले ते कोणी कळवत नाही, आणि बळ देणारा तो अर्धा भाग तिच्यापर्यंत पोचतच नाही. निकाल लागला की सपोर्ट पर्सन, दुभाषी आणि तपास अधिकाऱ्याला दोन ओळींचा निरोप पाठवावा, इतके सोपे आहे ते.

पैशाची गाठ कंत्राटांत आहे. बरीच पदे मुदतीची किंवा कंत्राटी आहेत आणि संस्थांना मिळणाऱ्या अनुदानात ‘उपक्रमां’ना पैसे असतात, कर्मचाऱ्यांच्या आधाराला नसतात. पुढच्या प्रत्येक निविदेत आणि अनुदानपत्रात राखीव माणसांचे प्रमाण, आठवड्याचा दीड तास आणि घटनेनंतरचा अर्धा तास हे तीन मुद्दे अट म्हणून घालता येतील. त्याला विधानसभेची मंजुरी लागत नाही.

कायद्याची बाजू मात्र रिकामी आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० मध्ये व्यवसायजन्य आजारांच्या यादीत पीटीएसडी घातला. आपल्याकडे १९२३ च्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात शिसे, पारा, सिलिकाची धूळ, आवाजाने आलेला बहिरेपणा होता, मनाची इजा नव्हती. २०२५ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतली यादीही त्याच वळणाची आहे. कामगार संघटनांनी आणि डॉक्टरांच्या, नर्सेसच्या संघटनांनी ही मागणी पगारवाढीच्या शेजारी मांडायला हवी. त्यासाठी पुरावा लागेल आणि तो आज कोणाकडेच नाही, कारण अशा घटनांची नोंद कोणी ठेवत नाही. प्रत्येक युनिटने एक साधी वही सुरू करावी: तारीख, वर सांगितलेल्या पाचांपैकी कोणता प्रसंग, त्याआधी किती तास ड्युटी झाली होती, किती तास विश्रांती मिळाली होती, नंतर गाडी किती मिनिटे थांबली, आणि तिसऱ्या दिवशी फोन कोणी केला.